रिकाम्या पिंपातील धोका : टोल्यूइनचे गुणधर्म व सुरक्षित हाताळणी

हार्बर मार्गावरील मानखुर्द हे स्थानक, १९९२ मध्ये रेल्वे खाडीपलीकडे वाशीला पोहोचेपर्यंत, मुंबईचे एक टोक समजले जात असे. महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडणाऱ्या या वस्तीच्या एका अंगास माहुल-ट्रॉम्बेचा तेलशुद्धीकरणाचा पट्टा आहे, तर दुसऱ्या अंगास मंडाळ्याची भंगार गोदामे आहेत. या दोहोंना जोडणारा एक द्रव आहे. पहिल्या ठिकाणी तो तयार होतो, रंगाच्या दुकानांतून, चपला शिवणाऱ्यांच्या गाळ्यांतून आणि सुतारांच्या पॉलिशच्या डब्यांतून शहरभर फिरतो, आणि त्याची रिकामी झालेली पिंपे दुसऱ्या ठिकाणी येऊन पडतात. या द्रवाचे नाव टोल्यूइन. सर्वसामान्य माणूस त्याला या नावाने ओळखत नाही. तो त्याला 'थिनर' म्हणतो. बाजारातील थिनर हे बहुधा अनेक द्रावकांचे मिश्रण असते, परंतु त्यात टोल्यूइनचा वाटा बऱ्याचदा मोठा असतो.

हा द्रव विषारी आहे, ज्वालाग्राही आहे, अशा पाट्या सर्वत्र लावलेल्या असतात. पाट्यांनी काम भागत नाही, असाच आजवरचा अनुभव आहे. कारण धोका ज्या रूपात येतो, ते रूप डोळ्यांना दिसत नाही. टोल्यूइनच्या बाबतीत भय द्रवापेक्षा त्याच्या वाफेचे अधिक आहे, आणि भरलेल्या पिंपापेक्षा रिकाम्या पिंपाचे अधिक आहे. ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. म्हणून तिचे कारण थोडे तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल.

द्रवाची ओळख

रसायनशास्त्रात ज्यांना ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने म्हणतात, त्या कुळातील हा पदार्थ. या कुळाचा मूळपुरुष बेंझीन. तो मायकेल फॅरडे याने १८२५ मध्ये वेगळा केला. सहा कार्बन अणूंचे कडे हे बेंझीनचे रूप. त्या कड्यास एका कार्बनाची लहानशी शाखा जोडली की टोल्यूइन होते आणि दोन शाखा जोडल्या की झायलीन. टोल्यूइन हे नाव दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या तोलू या गावावरून आले आहे. तेथून येणाऱ्या एका सुगंधी डिंकापासून एकोणिसाव्या शतकात ते मिळविण्यात आले होते. पुढे दगडी कोळशाच्या डांबरातून आणि त्यानंतर खनिज तेलातून ते काढले जाऊ लागले. ट्रॉम्बे परिसरात १९५४ व १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९७० नंतरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम असे रूपांतर झाले. यांपैकी भारत पेट्रोलियमच्या उत्पादनांत बेंझीन व टोल्यूइन यांचा समावेश राहिला आहे. पेट्रोलमध्येही टोल्यूइन असतेच.

ते पाण्यासारखे निर्मळ व रंगहीन असते. पाण्यापेक्षा हलके, म्हणजे एका लिटरास सुमारे ८७० ग्रॅम भरते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, वर तरंगते. उकळते ११०.६ अंश सेल्सिअसला. रंग, रोगण, रबर, डिंक, छपाईची शाई हे सारे ते सहज विरघळविते आणि काम झाले की उडून जाते. उद्योगांना ते हवेसे वाटते ते या उडून जाण्याच्या गुणामुळेच, आणि सगळी संकटेही त्याच गुणातून उद्भवतात.

वाफेचे गणित

कोणत्याही ज्वालाग्राही द्रवाच्या पृष्ठभागावर, ठिणगी पडताच पेट घेण्याइतकी वाफ ज्या किमान तापमानास जमते, त्यास त्या द्रवाचा प्रज्वलनांक म्हणतात. टोल्यूइनचा प्रज्वलनांक सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. मुंबईत सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदले गेलेले नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, आणि तेही जानेवारी १९६२ मधील. याचा सरळ अर्थ असा की, मुंबईत टोल्यूइनचे उघडे भांडे पेट घेण्याच्या स्थितीत नाही, असा एकही दिवस गेल्या कित्येक दशकांत उगवलेला नाही. निफाडच्या द्राक्षबागांत थंडीच्या एखाद्या पहाटे पारा तेवढा उतरतो खरा, पण त्यावर भरवसा ठेवून कोणी रंगकाम करीत नाही.

ही वाफ हवेच्या तिपटीहून अधिक जड असते. ती वर जात नाही. जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत जाते, गटारात उतरते आणि दूर कोठेतरी ज्योत भेटली की तेथून आग मागे धावत येते. आपल्याकडील घरांत ज्योत कोठे असते हे आठवावे. देवघरातील समई जमिनीवर, पाणी तापविण्याची शेगडी जमिनीवर, चटणी वाटण्याच्या यंत्राचे बटण हातभर उंचीवर. वरच्या झरोक्यातून वारा खेळतो आहे, तेव्हा चिंता नाही, असे समजणारा कारागीर चुकतो. हवा खेळती ठेवायची ती जमिनीलगत. आणि त्यासाठी लावलेल्या पंख्याची मोटर साधी असेल, तर ठिणगी टाकण्याचे काम तोच पंखा करतो.

आता प्रमाण पाहू. हवेत टोल्यूइनची वाफ सुमारे १.१ टक्के ते ७.१ टक्के या दरम्यान असेल तर ते मिश्रण स्फोटक असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व आठ फूट उंच अशी मानखुर्द-गोवंडीत सर्रास आढळणारी एक खोली घ्या. तिच्यात एक लिटर टोल्यूइन सांडून पूर्ण उडून गेले, तर साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर वाफ होते आणि जवळजवळ साऱ्या खोलीतील हवा पेट घेण्याच्या उंबरठ्यावर येते. प्रत्यक्षात वाफ खाली साचत असल्याने जमिनीलगतची हवा त्याच्या कितीतरी आधी त्या स्थितीस पोहोचते.

श्वासाचा हिशोब याहून कडक आहे. कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कामगारांसाठी आठ तासांच्या सरासरीने दहा लाख भाग हवेत १०० भाग टोल्यूइन, अशी मर्यादा घालून दिलेली होती. (हा अधिनियम आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आहे.) वर सांगितलेल्या खोलीत ही मर्यादा गाठण्यास केवळ १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे टोल्यूइन उडून जाणे पुरेसे आहे. घरी बसून चपलांना सोल्युशन लावणाऱ्या किंवा नकली दागिन्यांवर लाखेचा हात फिरविणाऱ्या बाईच्या हातून दिवसभरात याहून किती अधिक उडत असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. कारखान्यातील कामगाराची मोजणी करणारा निरीक्षक या खोलीपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याच खोलीत तान्हे मूल झोपलेले असते.

रिकामे पिंप

मंडाळ्याच्या भंगार गोदामांत ५ फेब्रुवारी २०२१ रोजी मोठी आग लागली होती. काळ्या धुराचे लोट दूरवरून दिसत होते. त्याच वर्षात या परिसरात पुन्हा आगीची घटना घडली. भंगारात तेलाचे डबे, प्लास्टिक, लाकूड, रसायनांची पिंपे असे सारे एकत्र असल्यावर कोणत्या वस्तूने आरंभ केला हे सांगणे कठीण असते. तथापि पिंपांचे शास्त्र माहीत असेल तर एक मोठे कारण तरी दूर ठेवता येते.

दोनशे लिटरचे पत्र्याचे पिंप उपडे करून सगळा द्रव काढून घेतला, तरी तळाच्या कडेला व शिवणीत थोडा राहतोच. या पिंपातील हवा स्फोटक होण्यास किती टोल्यूइन लागते? केवळ ८ ते ९ ग्रॅम, म्हणजे पुन्हा तेच दोन चमचे. बूच लावून उन्हात ठेवलेल्या पिंपात ते दोन चमचे वाफ होऊन कोंडून राहतात. पिंप हलवून पाहिले तर आवाज येत नाही. कारागीर म्हणतो, रिकामे आहे. मग पत्रा सरळ करण्यासाठी वा झाकण कापण्यासाठी गॅसकटर लावला जातो, आणि झाकण तोफगोळ्यासारखे उडते.

येथे एक बारकावा आहे, आणि तो पेट्रोलच्या अनुभवाने शहाण्या झालेल्या माणसांनाही फसवितो. पेट्रोल इतके झपाट्याने उडते की बंद टाकीत त्याची वाफ फार दाट होते. पेट घेण्यास लागणारी हवाच आत उरत नाही. टोल्यूइनचे तसे नाही. ३० अंश तापमानास, तळाशी थोडा द्रव शिल्लक असलेल्या बंद पिंपात वाफेचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. म्हणजे स्फोटक पट्ट्याच्या अगदी मध्याच्या पुढे. आपल्या हवामानात वर्षातील बहुतेक काळ टोल्यूइनच्या पिंपातील हवा स्वतःहून याच पट्ट्यात राहते. निसर्गाने हे मिश्रण जणू मापून ठेवले आहे.

यावर उपाय काय? पिंप थंड पाण्याने विसळणे हा उपाय नव्हे, कारण टोल्यूइन पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यावर तरंगून पुन्हा पत्र्यास चिकटते. दोन्ही बुचे काढून पिंप पूर्ण निथळावे, वाफारा देऊन किंवा गरम पाणी व कॉस्टिक सोडा यांनी आतून धुवावे, वाफ उरली नाही याची मापकाने खात्री करावी आणि त्यानंतरच त्यास हात लावावा. धुतलेले पाणी नाल्यात सोडता कामा नये. मानखुर्दचे नाले ठाणे खाडीला मिळतात, आणि ती खाडी रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे. एवढी सामग्री साध्या गोदामात नसते, हे उघड आहे. म्हणूनच घातक व इतर टाकाऊ पदार्थ नियम, २०१६ यांनी रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे व डबे यांची गणना घातक कचऱ्यात केली आहे. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्राधिकृत केलेल्या संस्थेकडेच जावयास हवीत. वापरणाऱ्या कारखान्याच्या फाटकातून पिंप बाहेर पडताना ते कोणाच्या हाती जाते याची नोंद पाहिली, तर पुढची पुष्कळशी तपासणी वाचेल. भंगारवाल्याच्या दारी जाऊन त्यास दटावण्यापेक्षा हा मार्ग अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पिंपात पाणी साठविणे, धान्याची कणगी म्हणून ते वापरणे, हे प्रकार ग्रामीण भागात अजून दिसतात. आतून वास येत नाही म्हणून ते स्वच्छ, हा तर्क चुकीचा आहे. टोल्यूइनचा वास अल्प प्रमाणातही येतो हे खरे. पण नाक त्यास थोड्याच वेळात सरावते. मग प्रमाण वाढत गेले तरी वास कमीच वाटत राहतो.

ओतताना आणखी एक काळजी. टोल्यूइनमधून वीज सहज वाहत नाही. त्यामुळे ते वेगाने ओतले किंवा नळीतून पडले की घर्षणाने त्यात स्थिर विद्युत् साचते आणि तिचीच ठिणगी उडते. म्हणून धातूच्या भांड्यातून धातूच्या भांड्यात, दोन्ही तारेने जोडून व जमिनीशी जोडून, हळूहळू ओतावे. प्लास्टिकच्या डब्यात ओतण्याची प्रथा सोयीची, पण घातक. अंगावर कपडे सुती असावेत.

शरीरावरील परिणाम

टोल्यूइनचा पहिला आघात मेंदू व मज्जासंस्थेवर होतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, झोक जाणे ही आरंभीची लक्षणे. डोळे चुरचुरतात. प्रमाण फार वाढले तर शुद्ध हरपते. कातडीतील स्निग्धांश ते धुऊन नेते, त्यामुळे हात कोरडे पडून भेगाळतात. काम संपल्यावर थिनरनेच हात धुण्याची रंगाऱ्यांची सवय याच कारणाने सोडविली पाहिजे. खोबरेल तेल चोळून साबणाने धुतल्यास रंग निघतो. साधे रबरी हातमोजे टोल्यूइनमध्ये फुगून निकामी होतात, आणि तोंडावर बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाची डबी असलेला मुखवटाच लागतो. गर्भवती स्त्रियांनी या कामापासून दूर राहावे, कारण वाफेचे प्रमाण अधिक असल्यास गर्भाच्या वाढीवर परिणाम होतो.

टोल्यूइन आणि बेंझीन ही नावे पुष्कळदा एकाच श्वासात घेतली जातात. दोहोंतील भेद मात्र मोठा आहे. टोल्यूइनच्या अणुरचनेतील ती लहानशी शाखा शरीर पकडते, तिचे आम्ल करते आणि ते लघवीवाटे बाहेर टाकते. बेंझीनला ती शाखा नाही. शरीर त्याच्या कड्यावरच प्रक्रिया करते आणि त्यातून निर्माण होणारे पदार्थ हाडांतील मगजास इजा करतात. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे निश्चितपणे सिद्ध झाले आहे. टोल्यूइनविषयी तसा पुरावा नाही. म्हणूनच २००९ च्या राष्ट्रीय हवा-गुणवत्ता मानकांत बेंझीनची वार्षिक मर्यादा एका घनमीटरात केवळ ५ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. अडचण एवढीच की हलक्या प्रतीच्या, बिननावाच्या थिनरमध्ये बेंझीन मिसळलेले असू शकते, आणि ते नुसत्या वासावरून कळत नाही.

माहुल परिसरातील हवेत अशा बाष्पशील पदार्थांचे अस्तित्व हा तेथील रहिवाशांच्या तक्रारीचा विषय ठरला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने डिसेंबर २०१५ मध्ये या तक्रारीत तथ्य असल्याचे मानले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये न्यायाधिकरणाने चार कंपन्यांवर भरपाईची जबाबदारी निश्चित केली. टाक्या भरताना व रिकाम्या करताना जी वाफ निसटते, तिचा बंदोबस्त हा त्या प्रकरणाचा गाभा होता. दोन चमच्यांचा जो हिशोब वर दिला, तोच तेथे टाक्यांच्या मापाने मांडावा लागला.

शिक्षकांसाठी

थिनर किंवा पंक्चरचे सोल्युशन चिंधीवर घेऊन हुंगण्याचे व्यसन रेल्वे स्थानकांच्या आसपास वावरणाऱ्या मुलांत आढळते. शाळेत जाणारी मुलेही त्यातून सुटलेली नाहीत. ते स्वस्त असते, सहज मिळते, आणि भूक मारते. दीर्घकाळ हुंगल्याने मेंदूचा श्वेतभाग झडतो, चाल बिघडते, मूत्रपिंडावर परिणाम होऊन रक्तातील पोटॅशियम घटते व स्नायू लुळे पडतात. केंद्र शासनाने २०१२ मध्ये बाटलीतील खोडशाई व तिचा थिनर यांच्या किरकोळ विक्रीस बंदी केली, तिचे कारण हेच. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर मात्र त्या बंदीत येत नाही.

कपड्यांना वा श्वासाला येणारा उग्र वास, ओठांभोवती पुरळ, खिशातली ओलसर चिंधी, वर्गात डोळे तारवटून बसणे, या खुणांकडे लक्ष असावे. आणि एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने ध्यानी धरावी. हुंगत असलेले मूल दिसले तर त्याच्या अंगावर ओरडू नये, त्याचा पाठलाग करू नये. टोल्यूइनने हृदय इतके हळवे झालेले असते की भीतीने वा धावण्याने त्याची लय बिघडून मूल जागीच दगावू शकते. शांतपणे जवळ जावे, मोकळ्या हवेत बसवावे, मग डॉक्टरांकडे न्यावे. १०९८ या क्रमांकावर बालकांसाठी साहाय्य मिळते. निराधार मुलांच्या बाबतीत बाल कल्याण समितीस कळवावे. मानखुर्द येथेच, १९२७ मध्ये स्थापन झालेल्या दि चिल्ड्रन्स एड सोसायटीची बालगृहे आहेत.

साठा, अपघात व वाहतूक

पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये २३ अंशांखाली प्रज्वलनांक असलेले द्रव 'अ' वर्गात येतात, टोल्यूइन त्यांतलेच. विक्रीसाठी नसलेला एकूण ३० लिटरपर्यंतचा साठा परवान्यावाचून ठेवता येतो. मात्र काचेचे वा चिनीमातीचे भांडे असल्यास ते एक लिटरहून, आणि धातूचे असल्यास २५ लिटरहून मोठे नसावे, व त्याचे बूच घट्ट असावे. यापुढील साठ्यास परवाना लागतो. ही व्यवस्था पाहणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. शाळा अथवा पंचायतीच्या कार्यालयात रंगकाम निघाले असता ठेकेदार आपला साठा जिन्याखाली ठेवतो. जिना हीच बाहेर पडण्याची वाट असते, म्हणून निदान ती जागा त्यास देऊ नये.

कोणी चुकून टोल्यूइन प्यायल्यास ओकारी काढू नये. ओकताना ते फुप्फुसांत उतरले तर अधिक अनर्थ होतो. वाफेने बेशुद्ध पडलेल्यास मोकळ्या हवेत आणावे, पण विहीर, टाकी अशा कोंडलेल्या जागेत साधनांवाचून त्याच्यामागे उतरू नये. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावेत. आग लागल्यास वाळू, कोरडी भुकटी किंवा फेस वापरावा. पाण्याचा झोत मारल्यास जळता द्रव पाण्यावर तरंगत दूरवर पसरतो. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१.

शीव-पनवेल महामार्गाने रसायनांचे टँकर मानखुर्दवरून खाडीपार होतात आणि तेथून राज्यभर जातात. त्यांतील एखादा कोणत्याही गावच्या वळणावर उलटू शकतो. टँकरच्या मागे व दोन्ही बाजूंस पाटी असते, तिच्यावर चार अंकी क्रमांक असतो : १२९४ म्हणजे टोल्यूइन, १११४ म्हणजे बेंझीन, १३०७ म्हणजे झायलीन, १२६३ म्हणजे रंग वा थिनर. सरपंचांनी अथवा पोलीस पाटलांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूने, दुरूनच हा क्रमांक वाचून दूरध्वनीवर कळविला, तर अग्निशमन दल योग्य ती सामग्री घेऊन निघते. तोवर रस्ता दोन्ही बाजूंनी अडवावा, चुली व वाहनांची इंजिने बंद करवावीत, आणि कळशा-डबे घेऊन सांडलेला द्रव भरण्यास धावणाऱ्या लोकांना परत फिरवावे.